दुबई उताराला आहे

कोल्हापुरातनं निघून कुठल्याही गावाला पोचायला किती वेळ लागतो, ते मला विचारा. मोबाईल बाहेर काढायचं काम नाही. रत्नागिरी? भरल्या गाडीनं चार तास. सावंतवाडी? आंबोलीत धुकं नसलं तर साडेतीन. सांगली? तास-सव्वा तास, त्यात जयसिंगपूरचा चहा धरलाय. छत्तीस वर्षं गुळाचा ट्रक चालवलाय, चेष्टा नाही! माझ्याइतका वेळेचा पक्का माणूस अख्ख्या जिल्ह्यात दाखवा, मी मिशी उतरवतो.

असा हा पक्का माणूस भर समुद्रावर, ढगांच्याही वर, विमानात उठून उभा राहिला आणि ओरडला, "चला, उतरा! आलं आपलं गाव!"

हसा, हसा. चहा तेवढा सांडू नका अंगावर.

त्याचं झालं असं. आमची एकुलती एक लेक राणी, ती दुबईत असते. जावई तिथं नोकरीला. माणूस लाखात एक, पण भोळा. लग्नात मी त्याला सांगितलं होतं, "पावणं, नवी कोल्हापुरी चप्पल तीन रात्री उशाला घेऊन झोपायची, म्हणजे करकर चांगली वाजती." झोपला की बिचारा! तिन्ही रात्री! लेकीनं मला अजून माफ केलेलं नाही.

तर राणीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. आम्ही आतली खोली रंगवून घेतली, पाळण्याची कडी बसवली, दाराचा कर्रकर्र आवाज सुद्धा तेल घालून बंद केला. आणि डॉक्टरनं तिला सांगितलं, विमानात बसायचं नाही. आता लेक माहेरी येत नाही म्हटल्यावर माहेरानंच लेकीकडं जायला पाहिजे. माहेर म्हणजे कोण? आमची मंडळी, शालन. मी आपला पिशव्या धरायला.

आणि इथंच गाडी अडली. कारण शालनला गाडी लागते.

लागते म्हणजे कशी लागते! लग्न होऊन माझ्या गाडीत बसून आली, तेव्हापासनं लागते. आमच्या गावातनं, बावड्यातनं निघालं की कागलपर्यंत बोलते. निपाणीला गप्प होते. संकेश्वर आलं की लिंबू हुंगते. आणि दोन तास झाले, की घड्याळ लावून घ्यावं, मी गाडी कडेला घेतलीच पाहिजे. नाही घेतली तर माझा शर्ट गेला. पंचेचाळीस वर्षांत तिनं दोन तासांच्या पलीकडचं जग बघितलेलं नाही.

मधनंमधनं म्हणायची, "एकदा यष्टीनं जाऊन बघू या का?"

मी म्हणायचो, "अगं, ड्रायव्हरची बायको तू! दुसऱ्याच्या गाडीत बसणार? माझी काय इज्जत ऱ्हाईल?" मग नेलं तिथं मीच नेलं. कधी ट्रकनं, कधी मागून आणलेल्या जीपनं.

आता लेक फोनवर रडायला लागली. "आई, तू यायलाच पायजेस. मला इथं कोण हाय?"

शालन इकडं पदर तोंडाला लावून उभी. शेवटी म्हणाली, "बाळ, दोन तासांच्या आतलं असंल तर येतीया. वरची दहा मिनिटं झाली तरी मी जित्ती पोचायची न्हाय. तुजं बाळंतपण करायला आले आनि तूच माजी सेवा करत बसायची, असं नको व्हायला."

मामला असा होता बघा. दोन तासांवर सगळं अडलेलं. लेकीचं पहिलं बाळंतपण आणि आई तिच्याजवळ असणार का नाही, हा सवाल.

जावयानं तिकिटं पाठवली मोबाईलवर. मी ती घेऊन गेलो अण्णांच्या दुकानात. अण्णा म्हणजे मूळचे जयसिंगपूरचे, जैन मंडळी, बावड्यात खताबियाण्यांचं दुकान. शिकलेला माणूस. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर आमची चार म्हातारी टाळकी रोज बसतात. अण्णांनी तिकिटं मशिनीतनं कागदावर काढली, चष्मा कपाळावरनं खाली घेतला आणि वाचलं.

"कोल्हापूर ते मुंबई, हे तासाभराचं हाय. त्यात काय न्हाय. फुडं मुंबईतनं सुटणार सकाळी धा वाजता. दुबईला पोचणार अकरा पस्तीसला."

मी बोटांवर मोजलं. एक तास पस्तीस मिनिटं! परत मोजलं. एक तास पस्तीस मिनिटं! मी चौथी पास आहे, पाचवीत तीन वर्षं मुक्काम केलाय, पण दहातनं अकरा-पस्तीसपर्यंत मोजायला कॉलेज लागत नाही.

"अण्णा!" मी ओरडलो, "दोन तासांच्या आत! पंचवीस मिनिटं शिल्लक! शालन दुबईला चालली!"

अण्णा मात्र कागदाकडं बघत डोकं खाजवायला लागले. "थांबा की आप्पा. येतानाचं बघा. दुबईतनं एकला सुटणार, मुंबईला पाच चाळीसला येणार. म्हंजे चार तास चाळीस मिनिटं. जाताना दीड आनि येताना पावणेपाच? वाट तीच, विमान तसलंच. कायतरी चुकलंय छापताना."

आता अण्णा गप्प बसले असते, तर पुढचं काही झालं नसतं. पण शिकलेल्या माणसाला अडलेलं बघितलं की माझ्या अंगात येतं.

"अण्णा, मी रत्नागिरीला गूळ घेऊन जायचो, तवा आंबा घाट उतरून चार तासांत पोचायचो. येताना जांभ्या दगडाचा चिरा भरून यायचो, तवा किती लागायचे?"

"किती?"

"सात! गाडी तीच. वाट तीच. डायवर बी मीच. मग फरक कशाचा?"

अण्णांनी कपाळावर हात मारला. "उताराचा!"

"मग! समुद्राच्या अंगाला सगळा उतार असतोय का न्हाय? मुंबई त्याच अंगाला, आनि दुबई तर मुंबईच्या बी फुडं. जाताना नुसतं सोडून द्यायचं, येताना चढण!"

बाकड्यावरनं एकानं शंका काढली, "आप्पा, विमान रस्त्यावरनं कुठं जातंय?"

"तुला वारा कधी लागलाय का न्हाय? वारा एका अंगानं वाहतो का न्हाय? मग हवेला उतार नगो?"

त्यानं मान डोलवली. माणसाला काहीही सांगा, पण मोठ्यानं सांगा. एवढी एक विद्या माझ्याकडं आहे.

अण्णांनी कॅल्क्युलेटर ओढला. "मुंबई-दुबई दोन हजार किलोमीटर धरलं, तर तासाला साडेबाराशेच्या वर पळतंय की ओ हे! आमच्या जावयाच्या तोंडनं ऐकलंय, आठशे-नऊशेनं जातंय म्हून."

"ते सपाटीला! उताराला न्यूट्रल मारत असणार. तेल वाचवत्यात अण्णा, तेल!"

बघा, दोन दिवसांत अख्ख्या बावड्यात झालं, की दुबई उताराला आहे! माणसं मला थांबवून विचारायला लागली. एकजण म्हणाला, माझा भाऊ सौदीला जातोय, ते उताराला का चढाला? मी म्हटलं, दुबईच्या फुडं ना? मग आणखीन खोल. एकानं विचारलं, आमच्या नातवाला अमेरिकेचं तिकीट काढलंय. मी म्हटलं, जाऊ दे, पण परत यायची आशा धरू नको, चढण लई हाय.

आता खरं सांगतो. आयुष्यभर मी लोकांना बनवलं, पण बनवताना मला माहीत असायचं की मी बनवतोय. ह्या वेळी मी एकदम मनापासनं, पोटातनं, खरं बोलत होतो. त्यामुळं शालनला सांगताना तर मला रडूच फुटायची पाळी आली, कारण ती विश्वास ठेवायला तयार नाही!

"तुमी आनि खरं?" ती म्हणाली. "तिरुपतीला जायच्या येळी चार तास म्हंटलासा. संकेश्वर सोडलं आनि मी आडवी झाले. तितनंच म्हागारी आनलासा मला."

"ती गंमत होती गं. हे बघ, छापील हाय! अण्णांनी वाचलंय!"

"जोतिबाची आन घ्या."

घेतली. दोन्ही हात जोडून, जोतिबाच्या डोंगराकडं, वाडीरत्नागिरीच्या दिशेनं तोंड करून घेतली. एक तास पस्तीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. शालननं माझं तोंड निरखलं आणि उठून डिंक भाजायला लागली. लाडू वळायला घेतले म्हणजे बाई निघाली!

निघायच्या दिवशी अण्णांची जीप घेतली आणि उजळाईवाडीच्या विमानतळापर्यंत मीच चालवत नेली. जेमतेम अर्ध्या तासाची वाट. पण शालननं कावळा नाक्यालाच लिंबू काढलं. विमानतळावर उतरली तेव्हा पोपटासारखी हिरवी! मागच्या शिटावरनं अण्णा उतरले, ते पण जरा पिवळेच होते, पण ते त्यांचं वय झालंय. मला घाम फुटला. अर्ध्या तासात हिची ही तऱ्हा, पुढं काय?

पण गंमत बघा. कोल्हापूर ते मुंबई विमानात ही खिडकीला नाक लावून बसली. "अवो, पंचगंगा बगा! अवो, ऊस बगा कसा दिसतोय!" लिंबू पिशवीतच. मी मनात म्हटलं, बघ, घाट उतरायला लागला की पोट हलकं होतं. माझा उताराचा सिद्धांत पक्का झाला.

मुंबईत भाच्याकडं एक मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मोठं विमान. बरोबर दहाला हललं. मी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं, चालू आहे. शालन खिडकीशी, मी मधे, मांडीवर कागदी पिशवी तयार ठेवलेली. कुणी तरी पाव-भाजीसारखं काहीतरी आणून दिलं. शालननं तिचं खाल्लं. मग माझं खाल्लं.

अकरा वाजले. सव्वाअकरा. साडेअकरा. मी खाली वाकून बघितलं. समुद्र. म्हटलं, पाच मिनिटं आहेत, येईल. भारी ड्रायव्हर शेवटच्या वळणावरच गाव दाखवतो.

अकरा पस्तीस!

मी पट्टा काढला, उभा राहिलो, वरचं कपाट उघडलं, लाडवांचा डबा खाली ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज दिला, "चला, उतरा! आलं आपलं गाव!"

पुढची चार-पाच माणसं खरंच उठली हो! माझ्या आवाजात ती ताकद आहे.

एक पोरगी धावत आली, लाल ओठांची, कडक इस्त्रीची. "अंकल, प्लीज बैठिए।"

मी म्हटलं, "बैठना कायकू? दुबई आया ना?"

"नहीं अंकल, अभी तो डेढ़ घंटा है।"

दीड तास! मंडळी, मी डब्यासकट खाली बसलो. दीड तास म्हणजे एक वाजून पाच मिनिटं. म्हणजे सगळे मिळून तीन तास. आणि शालनची हद्द किती? दोन! बारा वाजता ती हद्द ओलांडणार! जोतिबाची आण माझी. लेकीचं बाळंतपण तिच्या जिवावर. आणि खाली कडेला घ्यायला रस्ता नाही.

"काय म्हंटली ओ ती?" शालननं विचारलं. तिला हिंदी कळत नाही. निदान माझा तसा समज होता.

"काय न्हाय गं. खाली जागा न्हाय म्हणती. फुडची विमानं निघाली की आपलं लावणार."

"असं व्हय?"

"व्हय की! आपल्या स्टँडावर न्हाय का, गाड्या बाहेर थांबत्यात?"

ती परत खिडकीबाहेर बघायला लागली. मी तिच्या तोंडाकडं बघायला लागलो. पावणेबारा झाले.

"अजून न्हाय लावलं?"

"फाटक पडलंय."

"आबाळात फाटक?"

"दुसरं विमान आडवं जायचं असलं की टाकत्यात. तू बोलू नको. बोललं की ढवळतंय."

"मला न्हाय ढवळत."

"ढवळंल! तू गप ऱ्हा!"

बारा वाजले. दोन तास पुरे. मी कागदी पिशवी फुंकून उघडली आणि तिच्या हनुवटीखाली धरून बसलो. बारा पाच. हात दुखायला लागला. बारा दहा. ती पिशवीच्या वरनं शांत माझ्याकडं बघतेय. मी म्हणतोय, "घे गं, लाजू नको, आपलीच माणसं हायत." बारा पंधरा. माझ्या कपाळावरनं घाम चाललाय, डोळ्यांपुढं राणी दिसतेय, जोतिबा दिसतोय, आणि नेमकं तेव्हाच विमान असं खाली आदळलं, जसं काही खड्ड्यात गेलं!

आणि मी ओकलो.

मी! छत्तीस वर्षं आंबा घाटात चिरा चढवणारा! तिच्यासाठी धरलेल्या पिशवीत!

शालननं एका हातानं माझी पाठ चोळली. दुसऱ्या हातानं पिशवीतलं लिंबू काढून माझ्या नाकाला लावलं. "दमानं," म्हणाली. "बोलू नगा. बोललं की ढवळतंय."

पलीकडच्या शिटावरचा माणूस म्हणाला, "पहली बार बैठे हैं क्या?" मी लिंबू घेऊन तोंडात कोंबलं. बोलायची सोयच नको.

असं करत करत विमान एकदाचं खाली टेकलं. माझ्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं. मी मान खाली घालून शालनच्या मागनं चाललो होतो, आणि समोर भिंतीवर भलंमोठं घड्याळ. किती वाजले असावेत?

अकरा पस्तीस!

मी उडीच मारली. "शालन! बघ! छापल्याप्रमाणं! मिनिटाला मिनिट! माझं घड्याळ पळालंय! उतारानं पळालं! जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

शालननं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग माझ्या शर्टाच्या पुढच्या भागाकडं बघितलं. मग पिशवी उचलून चालायला लागली.

बाहेर जावई न्यायला आलेला. पाया पडला. त्याच्या गाडीत मी पुढं बसलो, ही मागं. शालन सगळा वेळ उंच उंच इमारती मोजत होती. मी जावयाला उताराचं सगळं समजावून सांगितलं. आंबा घाट, चिरा, न्यूट्रल, हवेची चढण. तो नुसता, "हां मामा. व्हय मामा. बरोबर मामा." चप्पल उशाला घेऊन झोपलेला माणूस, सासऱ्यापुढं बोलणार काय? पण त्याचे कान लाल झाले होते आणि गाडी जरा नागमोडी चालली होती.

घरी पोचलो. मायलेकी गळ्यात गळा घालून रडल्या, हसल्या, परत रडल्या. पोरीचं पोट एवढं मोठं झालेलं, आणि आई वेळेवर पोचलेली. अजून काय पाहिजे माणसाला?

पाहिजे होतं, थोडं गप्प बसायला पाहिजे होतं. पण मी राणीलाही उतार सांगायला बसलो. राणी आधी हसली. मग पोट धरून हसली. मग जावई घाबरून पाणी घेऊन आला.

"आप्पा!" ती डोळे पुसत म्हणाली, "इथलं घड्याळ आपल्या घड्याळाच्या दीड तास मागं असतंय! सूर्य हिकडं उशिरा येतो ना! तिकिटावर सुटायची येळ तिकडची आनि पोचायची येळ हिकडची. जाताना बी तीन तास, येताना बी तीनच. थोडंफार हिकडं तिकडं."

"म्हंजे उतार..."

"न्हाय आप्पा."

"आनि चढण?"

"तीबी न्हाय."

तेवढ्यात फोन वाजला. अण्णा! "आप्पा, पोचला का? ऐका, इथं एकजण आलाय, त्याला मस्कतला जायचंय. चढ का उतार?"

मी फोन बंद केला. मान वर करवेना. मग एकदम डोक्यात आलं, की अरे, खरी अजब गोष्ट तर वेगळीच आहे! मी शालनकडं वळलो. ती राणीला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल लावत होती. चेहरा ताजा, जशी काय रंकाळ्यावर फिरून आलीय.

"अगं शालन, तीन तास! ऐकलंस का? पुरे तीन तास! पंचेचाळीस वर्सं झाली, दोनाच्या वर तू कधी टिकली न्हाईस. आनि आज तीन तास बसलीस, वर माझं बी खाल्लंस! हे झालं कसं?"

तिचा तेलाचा हात थांबला नाही.

"न व्हाया काय झालं? आजपतूर मी जेवढ्या गाड्यांत ओकले, त्या समद्या तुमीच चालवत हुता."